कातडी आणि ऊन : कोल्हापूरच्या मुक्या जनावरांच्या सावलीचा इतिहास

१.
माणसाने अंगाला लावायच्या सनस्क्रीनची एक वाट जनावरांच्या मलमाच्या डब्यातून निघाली. आज नेमके तेच सनस्क्रीन घरातल्या कुत्र्याला किंवा मांजराला लावले, तर ते त्याच्या पोटात जाऊन अपाय करू शकते. या उलट्या प्रवासाची हकीकत रंजक आहे. पण ती केवळ रसायनांची नाही. कोल्हापुरासारख्या शहरात ती म्हशीच्या डुंबण्याची, हत्तीच्या स्नानवेळेची, संस्थानी पागेची आणि सहकारी दूधसंघाचीही आहे. जनावराची कातडी आणि आकाशातले ऊन यांच्यामध्ये कोणी, केव्हा आणि काय धरले, याचा हा धागा.

२.
आरंभ दूरच्या युद्धभूमीवरून करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे वैमानिक व खलाशी पॅसिफिक महासागरात दिवसेंदिवस उघड्या उन्हात अडकून पडत. त्यांच्या संकटसमयीच्या साहित्यात ‘रेड व्हेटरिनरी पेट्रोलेटम’ नावाचे एक तांबडे, चिकट मलम दिले जाई. नावातच त्याचे मूळ दडलेले आहे. खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारा हा पदार्थ पशुवैद्यकात जखमांवर लावण्यासाठी वापरात होता. तो अतिनील किरणांचा काही भाग अडवतो, असे ध्यानात आले आणि घोड्या-गुरांचे मलम सैनिकांच्या नाका-गालांवर चढले.

३.
बेंजामिन ग्रीन हा फ्लोरिडातील औषधविक्रेता त्या काळात वायुदलात होता. हे तांबडे मलम अंगाला फारच चिकटते, म्हणून त्याने त्यात कोको बटर आणि खोबरेल तेल मिसळून पाहिले. त्या खटपटीतून पुढे ‘कॉपरटोन’ हे प्रसिद्ध उत्पादन उभे राहिले. १९५०च्या दशकात त्याच्या जाहिरातीवर एक लहान मुलगी आणि तिची चड्डी ओढणारे काळे कुत्र्याचे पिल्लू झळकले. चित्र जगभर गाजले. मलम जनावरांचे, डब्यावर चित्र कुत्र्याचे. पण त्या कुत्र्याच्या स्वतःच्या कातडीचा विचार करण्याची गरज तेव्हा कोणालाच वाटली नव्हती.

४.
उन्हातले नेमके काय भाजते, हे कळायला शतकाहून अधिक काळ लागला. १८०१ मध्ये योहान रिटर या जर्मन संशोधकाला जांभळ्या रंगापलीकडचे अदृश्य किरण सापडले. १८८९ मध्ये स्वीडनच्या एरिक विडमार्कने दाखवून दिले, की कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर या अतिनील किरणांनी. १९२८ मध्ये जॉर्ज फिंडले याने अतिनील किरणांच्या माऱ्याने उंदरांच्या कातडीवर कर्करोग उद्भवतो, हे सिद्ध केले. म्हणजे ऊन आणि कर्करोग यांच्या नात्याची प्रायोगिक साक्ष प्रथम दिली ती एका मुक्या जिवानेच.

५.
येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. ऊन जनावराला दोन प्रकारे त्रास देते. एक म्हणजे उष्णता : शरीर तापते, धाप लागते, प्रसंगी प्राण जातो. दुसरा अतिनील किरणांचा : कातडी लाल होते, सोलते आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने तिथे कर्करोग उद्भवू शकतो. पहिल्यावर उपाय पाणी, वारा आणि विश्रांती. दुसऱ्यावर उपाय रंगद्रव्य, केस, आडोसा किंवा मलम. सनस्क्रीन लावलेले कुत्रे उष्माघातापासून तसूभरही सुरक्षित होत नाही. हा भेद विसरला गेला, की घोटाळा सुरू होतो.

६.
दख्खनच्या देशी जनावरांत निसर्गाने हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवलेले दिसतात. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातला खिल्लार बैल पाहावा. त्याचे केस पांढरे किंवा करडे. ते ऊन परतवतात. परंतु केस बाजूला सारून पाहिले, तर बहुतेक वेळा खालची कातडी काळसर आढळते. ती अतिनील किरण अडवते. पांढऱ्या अंगरख्याखाली काळे अस्तर, अशी ही रचना. त्यात भर म्हणजे घाम सोडण्याची चांगली क्षमता. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, ते जुवाने सोललेल्या जागेसाठी; उन्हासाठी मलम लावण्याची वेळ खिल्लारावर सहसा आलीच नाही.

७.
म्हशीची गोष्ट निराळी. तिची कातडी काळी, म्हणून अतिनील किरणांचे भय कमी. परंतु काळा रंग उष्णता शोषतो, अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीच्या तुलनेत बऱ्याच कमी. तेव्हा तापलेली म्हैस थंड होणार कशी? उत्तर एकच : पाणी किंवा चिखल. डुंबणे ही म्हशीची चैन नव्हे. ती तिच्या शरीराची गरज आहे. अंगावर वाळलेला चिखलाचा थर ऊन अडवतो, माश्या-गोचिडांना दूर ठेवतो आणि ओल टिकेपर्यंत गारवा देतो. जगातले सर्वांत जुने सनस्क्रीन कोणते, असे कोणी विचारले, तर चिखलाचे नाव आधी घ्यावे लागेल.

८.
कोल्हापूर आणि म्हैस यांचे नाते सांगायला नको. लांब, पाठीवर रेलणाऱ्या शिंगांची पंढरपुरी म्हैस येथील गवळ्यांनी आणि तालमींनी जपली. पैलवानाच्या खुराकात दूध महत्त्वाचे, आणि ज्या नगरीत शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभारले, त्या नगरीत दुधाला तोटा पडून चालणार नव्हते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस ग्राहकासमोर उभी करून धारोष्ण दूध पाजण्याची रीत त्यातलीच. परंतु शहराच्या मध्यावर म्हैस ठेवायची, तर तिला रोज पाणीही जवळच हवे. रंकाळा आणि पंचगंगेचा घाट यांनी ही गरज पिढ्यान्‌पिढ्या भागवली.

९.
दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवल्या जातात. त्याआधी म्हैस भादरतात, धुतात, तेल लावून चकचकीत करतात, शिंगे रंगवतात, गळ्यात घुंगुर बांधतात. केस काढलेल्या त्या काळ्याभोर कातडीला ऊन सोसवते, कारण रंगद्रव्य कातडीतच आहे. नेमकी हीच पद्धत पाहून कोणी उन्हाळ्यात आपल्या दाट केसांच्या विलायती कुत्र्याला तुळतुळीत भादरून आणतो आणि त्याला गारवा दिल्याचे समाधान मानतो. पण त्या कुत्र्याच्या केसांखाली गुलाबी कातडी असते. केस हेच त्याचे छत्र असते. ते गेले, की ऊन थेट कातडीवर. म्हशीला जे मानवते, ते कुत्र्याला मानवेलच असे नाही.

१०.
हत्तीच्या बाबतीत भारतीय परंपरेने ही समस्या वेळापत्रकाने सोडवली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हस्त्यध्यक्षाच्या प्रकरणात दिवसाचे आठ भाग कल्पून पहिला आणि सातवा भाग हत्तीच्या स्नानासाठी राखून ठेवला आहे. व्यायाम सकाळी, माध्यान्हीच्या आधी. सूर्य डोक्यावर असताना हत्तीला राबवायचे नाही, हा त्यामागचा व्यवहार. हत्तीला घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत. पायाच्या नखांपाशी तेवढ्या आढळतात. म्हणून स्नान, आणि स्नानानंतर अंगावर उडवलेली माती, हेच त्याचे संरक्षण. त्याच्या सुरकुतलेल्या कातडीच्या भेगांत पाणी आणि चिखल टिकून राहतो. हत्ती नाहून लगेच अंगावर धूळ घेतो, म्हणून जे त्याला हसतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

११.
पालकाप्य मुनीच्या नावावर असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ हा प्रचंड ग्रंथ १८९४ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने छापून प्रसिद्ध केला. योगायोग असा, की त्याच वर्षी, २ एप्रिल १८९४ रोजी, शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या गादीची सूत्रे हाती घेतली. महाराजांचे हत्तींवरचे प्रेम विख्यात आहे. कोल्हापुरात साठमारीचे मैदान आजही त्याच नावाने ओळखले जाते. मस्तवाल हत्तीसमोर चपळ साठमार उभा ठाकायचा, असा तो जीवघेणा खेळ. खेळाच्या दिमाखापलीकडे मात्र हत्तीखान्याचे रोजचे काम होते : चारा, पाणी, स्नान, सावली. आणि ते काम करणारी माणसे होती.

१२.
त्या माणसांचा विचार टाळून हा इतिहास सांगता येत नाही. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणांना माहूत, कोचमन अशा कामांवर नेमले. संस्थानच्या पागेत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना मात्र हौदाच्या पाण्याला स्पर्श केल्याबद्दल सवर्ण नोकरांनी बेदम मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळे यांना स्वतंत्र व्यवसायासाठी साहाय्य दिले. त्यातून त्यांचे ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. महाराज स्वतः तेथे चहा घेत. ज्या पागेत घोड्याला वेळेवर पाणी मिळत होते, तेथे माणसाला त्याच पाण्यासाठी मार खावा लागत होता. जनावरांच्या पाण्याचा इतिहास लिहिताना पाणी कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न असा मध्ये येतोच.

१३.
कोल्हापूर संस्थानचा आणखी एक पाळीव प्राणी म्हणजे शिकारी चित्ता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशातले चित्ते संपत आले, तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले आणि काळवीटाच्या शिकारीची जुनी कला चालू ठेवली. चित्त्याला बैलगाडीतून माळावर नेत. त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेली असे. ती उन्हासाठी नव्हे. सावज दिसण्यापूर्वी जनावर शांत राहावे, यासाठी. आफ्रिकेच्या उघड्या गवताळ माळावर घडलेल्या या प्राण्याला दख्खनचे ऊन परके नव्हते. म्हणजे परदेशी जनावर आणले, की ते येथील उन्हाला बळी पडते, असा सरसकट नियम नाही. ते कोणत्या उन्हातून आले, हे पाहावे लागते.

१४.
कुत्र्यांच्या बाबतीत ही कसोटी लख्ख दिसते. दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकात उंच, सडपातळ, आखूड केसांचा शिकारी कुत्रा पूर्वापार आहे. लोक त्याला कारवानी म्हणतात. लांब केसांच्या प्रकाराला पश्मी. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्याने ही जात नावारूपाला आणली, म्हणून तिला मुधोळ हाउंड हे नाव पडले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळला स्थान मिळाले. त्याच संचात तमिळनाडूचा राजपालयम हा शुभ्र, गुलाबी नाकाचा कुत्राही होता. म्हणजे देशी असला, तरी सगळ्याच कुत्र्यांच्या कातडीला ऊन सारखेच सोसते, असे नाही. प्रश्न देशी-विदेशीचा नसून कातडीतल्या रंगद्रव्याचा आहे.

१५.
कायद्यानेही उन्हाची दखल घेतली. मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था उभी राहिली आणि १८८६ मध्ये परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आला. त्याखालील १९६५ च्या नियमांनुसार, जेथे तापमान ३७ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असते, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत ओढकामाच्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांना कामाला जुंपता येत नाही. दिवसभरात एकूण नऊ तासांहून अधिक काम नाही आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नाही. कौटिल्याच्या वेळापत्रकाचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. फरक एवढाच, की ते राजाच्या हत्तीसाठी होते आणि हे हमालाच्या बैलासाठी आहे.

१६.
पुढचे मोठे स्थित्यंतर राजवाड्यात नव्हे, तर गोठ्यात घडले. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, स्थापन झाला. १९७० मध्ये देशभर दुधाचा महापूर योजना सुरू झाली. दुधासाठी होल्स्टिन फ्रीजियन आणि जर्सी यांच्या संकरित गायी गावोगावी पोहोचल्या. त्यांनी असंख्य शेतकरी कुटुंबांना आठवड्या-पंधरवड्याचे हक्काचे उत्पन्न दिले, हे निर्विवाद. पण त्यांच्याबरोबर एक नवी कातडीही आली. होल्स्टिनच्या पांढऱ्या पट्ट्यांखाली कातडी गुलाबी असते. खिल्लाराच्या पांढऱ्या केसांखाली असलेले काळे अस्तर येथे नाही. वरून दोघांचा रंग पांढराच; आतली गोष्ट मात्र उलट.

१७.
या नव्या कातडीची गाठ एका जुन्या पाहुण्याशी पडली. घाणेरी किंवा टणटणी हे मूळ अमेरिकेतले झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठी आणले गेले. तेथून ते कुंपणांत शिरले आणि सह्याद्रीच्या उतारांवर पसरले. चाऱ्याच्या टंचाईत गुरे त्याचा पाला खातात. त्यातील विष यकृताला इजा करते. एरवी हिरव्या पाल्यातील हरितद्रव्याच्या विघटनातून तयार होणारा फायलोएरिथ्रिन हा पदार्थ यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत बिघडले, की तो रक्तात साठतो, कातडीत पोहोचतो आणि ऊन लागताच पेटल्यासारखा वागतो.

१८.
मग दिसते ते विलक्षण. काळ्या-पांढऱ्या गायीच्या अंगावर केवळ पांढरे पट्टे सुजतात, तडकतात, सोलून निघतात. शेजारचा काळा भाग शाबूत राहतो. कान, नाकपुडीभोवतीचा भाग आणि कास यांवरही परिणाम होतो. डोळे पिवळसर दिसतात. वरवर पाहता हे उन्हाने भाजणे; मूळ मात्र पोटात गेलेल्या पाल्यात. अशा गायीला सनस्क्रीन फासून काही साधत नाही. तिला तत्काळ अंधाऱ्या, थंड गोठ्यात हलवायचे आणि पशुवैद्याला बोलवायचे, हाच मार्ग. कातडीवरची प्रत्येक लाली उन्हाचीच नसते, आणि उन्हाची असली, तरी दोष एकट्या उन्हाचा नसतो.

१९.
हीच चूक कुत्र्यांच्या बाबतीत शिकल्या-सवरल्या पशुवैद्यांच्याही हातून झाली. कोली जातीच्या कुत्र्यांचे नाक उन्हाळ्यात सोलते, त्याचा रंग उडतो, जखमा होतात. याला पश्चिमेत ‘कोली नोज’ म्हणत आणि ते निव्वळ ऊन लागणे समजत. उपाय म्हणून नाकावर काळ्या शाईने गोंदवले जाई. कृत्रिम रंगद्रव्यच म्हणा. पुढे १९७०च्या दशकाअखेरीस लक्षात आले, की अशा अनेक कुत्र्यांना शरीराच्या प्रतिकारशक्तीचा ल्युपस हा विकार होता. ऊन त्याला केवळ चिथावत होते. सोललेल्या जागी गोंदवून मूळ रोग बरा होणार नव्हता. नाक वारंवार सोलत असेल, तर मलमाआधी निदान हवे, हा धडा त्यातून मिळाला.

२०.
पांढऱ्या मांजरांबाबत मात्र संशय खरा ठरला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले, की पांढऱ्या मांजरांना कातडीच्या एका विशिष्ट कर्करोगाचा धोका इतर रंगांच्या मांजरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो आणि त्याचा संबंध उन्हाशी आहे. कानाची टोके, नाक आणि पापण्या या विरळ केसांच्या जागा त्याला प्रथम बळी पडतात. आरंभी दिसते ती केवळ कानाच्या कडेवरची लाली किंवा न भरणारी खपली. भांडणात ओरखडा गेला असेल, म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. कौलावर किंवा खिडकीत तासन्‌तास ऊन खात बसणारे पांढरे मांजर कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेत दिसेल; त्याच्या कानाच्या टोकांकडे लक्ष देणारे विरळा.

२१.
आता मलमाच्या डब्याकडे परत यावे. माणसाचे सनस्क्रीन जनावराला का चालत नाही? कारण जनावर अंग चाटते. माणसाच्या कातडीवर राहणारी वस्तू त्याच्या पोटात जाते. अनेक सनस्क्रीनांत सॅलिसिलेट गटातील द्रव्ये असतात, म्हणजे ॲस्पिरिनची भावंडे. मांजराचे यकृत ती फार सावकाश निकामी करते, म्हणून ती शरीरात साठतात. झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचे पांढरे भस्म, माणसाच्या कातडीवर निरुपद्रवी. पण ते कुत्र्याच्या पोटात गेल्यास उलट्या होतात, आणि वारंवार जात राहिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून पंडुरोग होण्याची भीती असते. जुन्या सनस्क्रीनांतले पाबा हे द्रव्यही पाळीव प्राण्यांसाठी टाळायचे. लेबलावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘बालकांसाठी’ असे लिहिल्याने यात काही बदल होत नाही; बाळांच्या मलमांत जस्त हमखास असते.

२२.
जस्त स्वभावतः विषारी, असेही नव्हे. न्यूझीलंडमध्ये कुरणातल्या एका बुरशीच्या विषाने मेंढ्यांचे यकृत बिघडते आणि त्यांची तोंडे उन्हात सोलून निघतात. घाणेरीच्याच जातीचा हा प्रकार. तेथे मेंढ्यांना आणि गायींना मोजून दिलेली जस्ताची मात्रा त्या विषापासून वाचवते. एकच द्रव्य एका प्राण्याला पोटातून तारते आणि दुसऱ्याला पोटातून मारते. जात कोणती, मात्रा किती आणि वाट कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय औषध आणि विष यांतला फरक ठरत नाही.

२३.
या साऱ्या इतिहासातून व्यवहाराला जे उरते, ते असे. दुपारी अकरा ते चार कुत्र्याला बाहेर काढू नये. डांबरावर हाताची उलटी बाजू ठेवून पाहावी, आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही. दाट दुहेरी केस मुळापासून भादरू नयेत. मलमाची गरज पांढऱ्या, आखूड केसांच्या, गुलाबी नाकाच्या प्राण्यांना. तीही नाक, कानाची टोके, पोट आणि जांघा एवढ्यापुरती. मलम कुत्र्यासाठी किंवा घोड्यासाठी असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यावे. कुत्र्याचे मलम मांजराला लावू नये. मांजरासाठी पशुवैद्याला विचारल्याशिवाय काहीच नको. आधी थोड्या जागी लावून एक दिवस पाहावे. लावल्यावर मुरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे चाटू देऊ नये. चाटलेच, तर डबा हातात घेऊन पशुवैद्याला फोन करावा. घरच्या घरी उलटी करवू नये.

२४.
परंतु मलमाचा प्रश्न मूठभर पाळीव कुत्र्या-मांजरांचा आहे. कोल्हापूरच्या बहुसंख्य जनावरांना मलम नव्हे, पाणी आणि सावली लागते, आणि तेथेच आजचा पेच आहे. रंकाळा आणि पंचगंगा यांच्या प्रदूषणावरून न्यायालयांपर्यंत लढे गेले. जलाशयात जनावरे, कपडे आणि वाहने धुण्यास मनाई करणारे फलक लागले. नदी स्वच्छ राहिली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. तिच्यात मिसळणारे शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी पाहता दोष म्हशीवर किती टाकावा, हाही प्रश्न आहेच. तथापि त्या फलकावर म्हैस वाहनाच्या रांगेत बसवली गेली. वाहन धुतले नाही, तर मळकट दिसते. म्हैस डुंबली नाही, तर तापते, दूध आटते, माजावर येण्याचे चक्र बिघडते.

२५.
नदी आणि म्हैस यांपैकी एकच निवडण्याची सक्ती नाही. गोठ्यात पाण्याचे फवारे आणि पंखे, वस्तीजवळ सिमेंटचा उथळ हौद, त्यातले पाणी शेतीला सोडण्याची सोय, गोठ्याच्या पश्चिमेला झाडांची रांग. यांतले काहीही अवघड नाही. हत्तीसाठी दिवसाचे दोन भाग राखून ठेवणारी राज्ये या भूमीवर होऊन गेली आहेत. बैलासाठी १२ ते ३ ही वेळ राखणारा नियम आजही अमलात आहे. म्हशीच्या वाट्याला मात्र बहुधा मनाईचा फलकच आला, पर्यायी हौद आला नाही. पाडव्याच्या दिवशी जिला नटवून, तेल लावून, घुंगुर बांधून साऱ्या शहरातून अभिमानाने पळवतात, तिला वैशाखात डुंबायला जागा कोठे, याचे उत्तर शहराने अजून द्यायचे आहे.